मागं राखलेला श्वास

निवास चौगुले घरात फारसं बोलायचा नाही, आणि त्याला तशी गरजही कधी पडली नव्हती. बोलायला विजयमाला होती. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर ती एकतीस वर्षं गाड्या पुकारत होती. दिवसभर माईकवर बोलून घरी आलेलं माणूस गप्प बसेल असं तुम्हाला वाटेल. छे! स्टँडवर 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी' असं शुद्ध बोलावं लागायचं, त्याचं उट्टं ती घरी काढायची. भाजी निवडताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, आणि निवास 'हं' म्हणायला चुकला तर त्याच्यावर बोलायची. बोलणं अस्सल कोल्हापुरी. तिथल्या बायका म्हणतात तसं 'मी येतो, मी जातो.'

गाड्या आता विजेवर धावत होत्या, फलाटावरच्या पाट्या आपोआप बदलत होत्या. मध्यंतरी यंत्राचा आवाजही लावून पाहिला होता. पण यंत्र बोलू लागलं की कुणी मान वर करत नव्हतं, आणि विजयमालाबाईंनी 'गारगोटी' म्हटलं की डुलक्या घेणारा माणूस झटकन पिशवी उचलायचा. म्हणून तिची नोकरी टिकून राहिली होती.

त्या आवाजाला दिवाळीनंतर खरखर लागली. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. मग तपासण्या झाल्या, आणि कॅन्सरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शिंगट्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "स्वरयंत्रावर गाठ आहे. चौदा मिलिमीटर. जागा अडचणीची आहे, किरणांच्या नेहमीच्या शेकानं ती पुरती जाणार नाही. स्वरयंत्र काढून टाकलं तर जिवाला धोका नाही."

"आणि आवाज?" विजयमालानं विचारलं.

"आता चांगल्या पट्ट्या निघाल्यात. गळ्याला लावायची. तुम्ही ओठ हलवले की ती तुमच्याच आवाजात बोलेल."

"मग ती पट्टीच नांदू दे की यांच्या घरी," विजयमाला म्हणाली. डॉक्टर हसले. निवासला मात्र हसू आलं नाही.

त्याला कारण होतं. या गाठीवर आणखी एक इलाज आहे, हे त्याला माहीत होतं, आणि तो त्यानं घरात कधी बोलून दाखवला नव्हता.

कागलच्या माळावरच्या किरणरसायन केंद्रात निवास पंचवीस वर्षं होता. तिथं इलेक्ट्रॉन पळवायचं एक यंत्र होतं, त्याला सगळे पाखरू म्हणायचे. तांब्याच्या चकतीवर लेसरचा झोत पडला की तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा पुंजका उडायचा, आणि रेडिओलहरी त्याला ढकलत ढकलत दोन-अडीच मीटरांतच जवळजवळ प्रकाशाच्या वेगाला नेऊन सोडायच्या. असली यंत्रं पूर्वीही होती. पण किरणांनी पदार्थात काय उलथापालथ होते ते पाहायचं तर फटका फार आखूड लागतो. हलत्या माणसाचा फोटो काढताना कॅमेऱ्याची झडप हळू उघडली तर नुसता फराटा उमटतो, तसंच ते. सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात प्रकाशसुद्धा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकत नाही. पाखराचा एक फटका त्याच्याही दहाव्या हिश्श्यात संपायचा.

निवासचं काम सुरुवातीला साधं होतं. स्फटिकाच्या इवल्याशा कुपीत पाणी भरायचं, त्यात वीस मिनिटं आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे विरघळलेला प्राणवायू निघून जातो, आणि मग कुपी पाखरापुढे ठेवायची. फटका बसला की पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, भोवतालचं पाणी त्याला घेरून बसतं, आणि तेवढ्या क्षणापुरतं ते पाणी निळं होतं. माणसाच्या डोळ्याला ते निळं दिसत नाही, दुसऱ्या झोताच्या उजेडात मोजावं लागतं. कुपीत प्राणवायू राहिला तर तो त्या इलेक्ट्रॉनला गिळून टाकतो, आणि त्यातून पुढची सगळी नासधूस सुरू होते. बुडबुडे सोडायला विसरलेल्या किती पोरांना निवासनं दमात घेतलं असेल, त्याला गणती नाही. घरात मुका असलेला हा माणूस प्रयोगशाळेत चांगला खेकसायचा.

डॉक्टर अस्मिता केळुसकर ही मालवणकडची रसायनशास्त्रज्ञ केंद्रात आली आणि तिनं पाण्याच्या जागी जिवंत पेशी ठेवायला सुरुवात केली. महिना-दीड महिना थोडा थोडा न देता किरणांचा सगळा मारा क्षणात दिला तर गाठ मरते आणि भोवतालचा निरोगी भाग वाचतो, एवढं जगाला आधीपासून ठाऊक होतं. तो का वाचतो ते पाखरानं दाखवलं. निरोगी पेशी किरणांनी झालेली घाण भराभर झाडून काढते. गाठीच्या पेशीत सुटं लोह जास्त, तिथं ती घाण साचते आणि पेशी मरते. पण निरोगी पेशीत त्या क्षणी प्राणवायू जितका कमी, तितकी ती जास्त सुरक्षित. म्हणजे पुन्हा कुपीतल्या बुडबुड्यांचीच गोष्ट. माणसाला काही बुडबुड्यांवर धरता येत नाही. म्हणून केळुसकरबाईंनी दुसरी युक्ती काढली. रोग्यानं मिनिटभर उंच डोंगरावरच्यासारखी विरळ हवा घ्यायची, मग श्वास पार रिकामा करून थांबायचं, आणि त्या थांबलेल्या दोन सेकंदांत पाखरानं काम उरकायचं. सगळे फटके मिळून सेकंदाचा दहावा भाग. एकदाच. पुन्हा नाही.

नऊ माणसांवर हे झालं होतं. आठ सुखरूप होती. नववे साताऱ्याचे एक मास्तर. श्वास मोजणाऱ्या छातीवरच्या पट्ट्याला त्यांचा श्वास रिकामा वाटला, पण आत थोडा उरला होता. मास्तरांचा गळा आतून भाजला, आवाज गेला आणि ते कायमचे श्वासाच्या नळीवर गेले. त्या दिवशी किरण सोडायची परवानगी देणाऱ्या पेडलवर पाय निवासचा होता. त्याची काही चूक नव्हती, चौकशीतही तसंच निघालं. पुढं पट्टे बदलले, नियम कडक झाले. तरी महिनाभर निवासच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

म्हणून तो गप्प होता. स्वरयंत्र काढू दे, बायको जगू दे, पट्टी बोलू दे. त्याचा हिशेब एवढाच होता.

पण केळुसकरबाई विजयमालाला भेटायला घरी आल्या, आणि विजयमालासमोर बसून काही लपवणं म्हणजे अशक्य गोष्ट. चहा निवायच्या आत तिनं सगळं काढून घेतलं. बाई गेल्यावर ती निवासकडे वळली.

"काय लपवालाय माझ्यापासनं? पंचवीस वर्षं त्या पाखराला दाणापाणी घालताय, आणि माझ्या गळ्याची वेळ आली तर तोंडातनं शब्द न्हाई?"

"मी तुझ्यावर ते सोडणार नाही, माले."

"का?"

"मास्तरांचं ऐकलंस नव्हं?"

"ऐकलं. आठ जणांचंबी ऐकलं."

"आवाज गेला तर गेला. तू राहशील की."

विजयमालानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी राहतो म्हणजे काय राहतो? सकाळी उठून तुमच्याशी भांडलो न्हाई तर मला दिवस उजाडल्यागत वाटत न्हाई. माझा गळा हाय. मी ठरवतो." आवाज बसलेला होता, फाटत होता, तरी शेवटचे दोन शब्द तिनं फलाट बारापर्यंत जातील असे म्हटले.

निवासनं आठ दिवस अबोला धरला. त्याच्या अबोल्याचा घरात कुणाला पत्ता लागला नाही, ही गोष्ट वेगळी. नवव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "पेडलवर मी बसणार. दुसऱ्या कुणाच्या पायावर माझा भरवसा नाही." घरच्या माणसानं बसू नये असा नियम होता, पण पाखरू हाताळण्यात निवासच्या तोडीचं केंद्रात कुणी नव्हतं. केंद्राच्या समितीनं दोघांची लेखी संमती घेतली आणि होकार दिला.

ठरलेल्या दिवशी गाठ मोजली, ती सतरा मिलिमीटर भरली. अठराच्या पुढे पाखराचा उपयोग नव्हता. म्हणजे आज झालं तर झालं, नाहीतर पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. विरळ हवा एका दिवसात चारदाच देता येत होती, त्याहून जास्त शरीराला झेपत नाही. चार संधी.

विजयमालाला जाड भिंतींच्या खोलीत निजवलं, मान साच्यात बसवली, छातीवर पट्टा, नाकातोंडावर मुखवटा. तिच्याजवळ कुणालाच थांबता येत नव्हतं. भिंतीच्या अलीकडे निवास पेडलपाशी बसला, शेजारी केळुसकरबाई. समोर पडदा, आणि बोलायला माईक. श्वास रिकामा होऊन थांबला की हिरवा दिवा लागणार आणि पाखरू आपोआप सुटणार, मात्र तेव्हा निवासचा पाय पेडलवर दाबलेला हवा. पाय उचलला की सगळं थांबतं. पायाला काम एवढंच.

"विजयमालाताई, सोडा श्वास. सगळा," केळुसकरबाई म्हणाल्या.

तिनं सोडला. पडद्यावरची रेघ खाली आली, आणि तळाच्या वर बोटभर अंतरावर थांबली. दिवा लागला नाही. वेळ संपली, मुखवट्यातून पुन्हा नेहमीची हवा सुरू झाली.

दुसऱ्यांदा तेच. रेघ खाली आली आणि त्याच जागी थबकली.

"असं कुणाचंच झालं नव्हतं," केळुसकरबाई पुटपुटल्या. "काका, त्या घाबरल्यात का?"

निवास त्या रेघेकडे बघत होता. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एकतीस वर्षांचा संसार झाला, त्याला हे आधी कळायला हवं होतं.

"घाबरली नाही," तो म्हणाला. "ती श्वास राखून ठेवतीय. नोकरीला लागली त्या वर्षी गाडी पुकारताना 'फलाट क्रमांक' म्हणेपर्यंत तिचा श्वास संपला. आकडा ऐकूच गेला नाही, आणि कराडच्या गाडीची सगळी माणसं भलत्याच गाडीत जाऊन बसली. साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून ती फुफ्फुसं कधी रिकामी करत नाही. ऐन वेळी फलाट बदलला तर सांगायला थोडा श्वास मागं ठेवते. आता तो आपोआपच राहतो, तिला कळतही नाही."

"मग कसं करायचं?"

निवासनं माईक ओढला. "माले, रत्नागिरी गाडी पुकार."

"आत्ता?" मुखवट्यातून आवाज आला.

"आत्ताच. मधले सगळे थांबे घे. रत्नागिरी आली की थांबू नको, परतीचे थांबे म्हण. श्वास मध्ये घ्यायचा नाही. जिथं संपेल तिथं संपू दे, नेहमीसारखा मागं ठेवायचा नाही, आणि मग अजिबात हलू नको. आज फलाट बदलणार नाही. मी सांगतो ना."

तिसऱ्या खेपेला विरळ हवा सुरू झाली, मिनिट भरलं, आणि विजयमालानं सुरुवात केली. आवाज चिरका, पण चाल तीच, स्टँडवरची. "कोल्हापूरहून सुटणारी, केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा, रत्नागिरी…" रेघ उतरत होती. "हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखर…"

तिथं ती संपली. रेघ तळाला टेकली. दिवा हिरवा झाला.

आणि निवासचा पाय उचलला गेला.

त्यानं उचलला नाही, उचलला गेला. त्याला तिथं विजयमाला दिसत नव्हती, मास्तर दिसत होते. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, पाखरू मुकाट राहिलं. केळुसकरबाईंनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"झालं काय?" आतून विचारणा झाली. "या वेळीबी माझंच चुकलं काय? मी न्हाई हो काही ठेवलं मागं. खरंच न्हाई ठेवलं." आवाज आता रडवेला झाला होता.

केळुसकरबाई हळूच म्हणाल्या, "काका, या खेपेला मी बसते. चालेल?"

खरं तर त्यानं उठायला हवं होतं. तो उठलाही. पण आत ती स्वतःला दोष देत पडली होती, आणि ते त्याला सहन होईना. तो माईकपाशी वाकला.

"माले, तुझं नाही चुकलं. दिवा लागला होता. मी पाय उचलला. मला भ्या वाटलं."

निवासला वाटलं, आता शिव्या पडणार, आणि त्या पडाव्यात असंही वाटलं.

"मास्तर आठवले?" विजयमालानं विचारलं.

"व्हय."

"त्या महिन्यात ताटातली भाकरी तशीच राहायची तुमची. मला काय कळत नव्हतं व्हय? मी विचारलं न्हाई, म्हटलं, कधी तरी आपण होऊन सांगतील." ती थांबली. दमली होती. "बाईंना बसवालाय काय?"

"त्या बसते म्हणतात."

"न्हाई. तुम्हीच बसा. एवढी वर्षं मी श्वास मागं ठेवला, तुम्ही बोलणं मागं ठेवलं. आज दोघांनीबी ठेवायचं न्हाई."

निवास परत बसला. उजवा पाय पेडलवर ठेवला, आणि त्यावर डावा पाय दाबून धरला. कुठल्याही पुस्तकात ही पद्धत लिहिलेली नाही. केळुसकरबाईंनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं हवेची कळ फिरवली.

"कोल्हापूरहून सुटणारी…" विजयमाला म्हणू लागली. केर्ली गेलं, वाघबीळ गेलं. निवास तिच्याबरोबर ओठातल्या ओठात म्हणत होता. आंबा आला, घाट उतरला, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. परत फिरली. हातखंबा, पाली, नाणीज, दाभो… आणि संपली. या खेपेला एक गाव आधीच. रेघ टेकली, दिवा लागला. निवासचे पाय जिथल्या तिथं होते.

आवाज झाला नाही, उजेड झाला नाही. बटण दाबल्यावर होतं तसं नुसतं टक झालं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पूर्ण' असं आलं आणि विजयमालाच्या छातीची रेघ सरसर वर चढली. ती श्वास घेत होती. निवासनं टेबलावर डोकं टेकलं आणि तो रडला. केळुसकरबाईही रडत होत्या.

पुढं सहा आठवडे अक्षरही बोलायचं नाही, असं डॉक्टर शिंगट्यांनी बजावलं. विजयमालासाठी ही शिक्षाच होती. आणि त्या सहा आठवड्यांत चौगुल्यांच्या घरात एक नवल घडलं. निवास बोलू लागला. आधी कामापुरतं, चहा ठेवू का, गोळी घेतलीस का. पण समोरून नुसती मान हलते, घर सुनं सुनं वाटतं, म्हणून तो पुढं बोलू लागला. प्रयोगशाळेत पोरांवर कसा खेकसतो ते त्यानं नकला करून दाखवलं. पाणी क्षणभर निळं होतं ते सांगितलं. मास्तरांना भेटायला तो गुपचूप दोनदा साताऱ्याला गेला होता, दारापर्यंत जाऊन परत आला होता, तेही सांगितलं. विजयमालानं पाटीवर लिहिलं, 'आपण दोघं जाऊ.' आणि गेले. मास्तरांनीही पाटीवरच लिहिलं, 'चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.'

सहा आठवडे संपले. डॉक्टर शिंगट्यांनी नळी घालून गळा नीट पाहिला, दोनदा पाहिला, आणि म्हणाले, "गाठ दिसत नाही. भोवतालचा भाग चांगला आहे. बोला आता."

विजयमालानं मान हलवली. नाही. डॉक्टरांनी आग्रह केला, तरी नाही. ती तशीच मुकी जिना उतरली, गाडीत बसली, पट्टा लावला. निवासनं गाडी सुरू केली. काही विचारायची त्याची हिंमतच नव्हती.

दसरा चौक मागं पडल्यावर ती म्हणाली, "फाटलाय की ओ."

आवाज जाडा झाला होता, मध्येच खरवडल्यासारखा. स्टँडवरचा नव्हता तो. पण होता. तिचाच होता. कुठल्याही पट्टीला तो काढता आला नसता.

"ऐकलं न्हाई काय? फाटलाय म्हणतोय मी. असल्या आवाजात कोण गाडी पकडणार?"

"फाटू दे," निवास म्हणाला. त्याला पुढचा रस्ता धूसर दिसत होता. "तू बोल."

मग काय, बांधच फुटला. सहा आठवड्यांचं साठलेलं होतं. त्यानं चहात साखर किती घातली, कपडे उलटेच कसे वाळत टाकले, केळुसकरबाईंना एकदा जेवायला बोलवायचं आहे, डॉक्टरांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं आणि तिला ते सांगता येत नव्हतं. मध्ये आवाज तुटायचा, ती थुंकी गिळायची आणि पुन्हा सुरू व्हायची. निवास 'हं' म्हणत होता, आणि प्रत्येक 'हं' वेळेवर पडत होता.

घराचा कोपरा आला. त्यानं गाडी वळवली नाही.

"आपण ठरलेलं वळण मागे टाकलं आहे," गाडी अदबीनं म्हणाली. निवासनं हात पुढं करून तिचा आवाज बंद केला आणि रंकाळ्याला फेरी मारायला घेतली. विजयमाला बोलत होती. पहिली फेरी संपली, तेव्हा ती कुठं पोळ्यांच्या पिठापर्यंत आली होती, म्हणून त्यानं दुसरी घेतली.